राजाची वंशावळ, कुत्र्याची वंशावळ

पोळ्याला घरी गेलो होतो. घर म्हणजे नाचणगाव, पुलगावला लागून, जिल्हा वर्धा. पुण्यात कुणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे नागपूरजवळ ना?" हो बाबा, नागपूरजवळ.

तर यंदा घरात बैलांपेक्षा जास्त कौतुक चाललं होतं ते दोन कुत्र्यांचं. माझ्या चुलतभावाने लातूरकडून एक नर आणि एक मादी आणलीय. आठ महिन्यांची, उंच, सडपातळ, लांब तोंडाची, पोट पार आत गेलेलं. मोठी आई दर दहा मिनिटांनी विचारायची, "काऊन रे, याहिले खायले देत नाही का तू?"

भावाचा प्लॅन एकदम पक्का. मादी वयात आली की एक वेत घ्यायचं, चांगली पिल्लं ठेवायची, बाकीची विकायची. आणि त्याआधी नर घेऊन नागपूरच्या डॉग शोला जायचं. शोचा फॉर्मही आणून ठेवलेला. तो माझ्यापुढे सरकवत म्हणाला, "दादा, यात जात काय लिहू? मुधोळ का कारवान? घेतला त्यानं दोनही नावं सांगतली. तू त् कंप्युटरवाला हायेस, पाहून सांग नं."

मला वाटलं दोन मिनिटांचं काम आहे. तीन वीकएंड गेले! आणि हो, ही दोन्ही कुत्री एकाच वेताची, सख्खी बहीणभाऊ आहेत. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आधी कुत्र्याबद्दल. हा हाऊंड वासावर नाही, नजरेवर शिकार करतो. ससा किंवा हरण दिसलं की त्याच्यामागे सुटायचं आणि गाठायचं, एवढंच त्याचं काम. त्यासाठी खोल छाती, लांब पाय आणि लवचिक पाठ. भरधाव पळताना एका ढांगेत याचे चारही पाय दोन वेळा जमिनीवरून सुटतात. दिसायला अरबस्तानातल्या सलुकीचा भाऊबंद. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, कारवानांबरोबर दख्खनमधे आला म्हणून कारवान किंवा कारवानी, अशी नेहमी सांगितली जाणारी कथा. कान-शेपटीवर लांब मऊ केस असतील तर त्याला पश्मी म्हणतात. मराठवाडा, सोलापूर, विजापूर, बागलकोट हा याचा मुलूख. लातूर जिल्ह्यातलं जानवळ तर कारवानींचं गाव म्हणूनच ओळखलं जातं.

मग मुधोळ कुठून आलं?

मुधोळ म्हटलं की आपल्याला शाळेतला बाजी घोरपडे आठवतो. १६४८ मधे जिंजीजवळ शहाजीराजांना पकडणारा, आणि पुढे १६६४ मधे शिवाजी महाराजांनी ज्याचा हिशोब चुकता केला तो. त्याच घराण्याचं हे संस्थान. मराठी राजा, कानडी मुलूख. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे मालोजीराव घोरपडे राज्य करत होते. त्यांच्या असं लक्षात आलं की आपल्या मुलखातले बेडर लोक शिकारीला जी कुत्री वापरतात ती काही साधी नाहीत. त्यांनी त्यातली निवडक कुत्री घेऊन पैदास सुरू केली आणि एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला भेट दिली. 'मुधोळ हाऊंड' हे नाव तेव्हापासून जगात गेलं असं सांगतात. (या भेटीचं साल कुणी १९३७ सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पंचम जॉर्ज २० जानेवारी १९३६ लाच वारला.)

इथपर्यंतची गोष्ट सगळीकडे मिळते. राजाने कुत्रा वाचवला, टाळ्या. पण मला अडकवलं ते 'बेडर' या शब्दाने.

मुधोळ संस्थानात हलगली नावाचं गाव आहे. १८५७ चा उठाव सुरू झाल्यावर इंग्रजांनी शस्त्रं जमा करायचा कायदा आणला. हलगलीच्या बेडरांनी शस्त्रं द्यायला नकार दिला. शिकार आणि लढाई हेच ज्यांचं आयुष्य, ते हत्यार देणार कसे? नोव्हेंबर १८५७ मधे इंग्रज फौजेने गावावर हल्ला केला, गाव जाळलं आणि नंतर १९ जणांना फाशी दिली. कानडीत यावर लावण्या आहेत, त्या गायल्या जातात.

म्हणजे बघा, ज्या समाजाची हत्यारं काढून घेतली त्याच समाजाने हा कुत्रा सांभाळला होता. पन्नासेक वर्षांनी राजाला तो दिसला आणि कुत्र्याला नाव मिळालं राजधानीचं. 'हलगली हाऊंड' किंवा 'बेडर हाऊंड' असं नाव कुणी ठेवलं नाही. मालोजीरावांना दोष द्यायचा नाहीये. त्यांनी लक्ष घातलं नसतं तर आज आपण बोलतच नसतो. पण कागद कुणाचा होतो आणि कुणाचा होत नाही, ते यातून स्पष्ट दिसतं.

गंमत म्हणजे याच मुधोळकरांच्या घराण्याचा स्वतःचा कागद खूप गाजला. द. वि. आपट्यांनी लिहिलेला मुधोळच्या घोरपडे घराण्याचा इतिहास १९३४ मधे प्रसिद्ध झाला. त्यात जुन्या फर्मानांच्या आधाराने घराण्याचा वंश चितोडच्या सिसोदियांपर्यंत नेलेला आहे. ती फर्मानं खरी किती यावर इतिहासकारांचे जोरदार वाद झाले. म्हणजे माणसाची वंशावळ लिखित आणि वादग्रस्त. त्याच राज्यातल्या शिकाऱ्याच्या कुत्र्याची वंशावळ मात्र तोंडी, आणि तिच्यावर वाद घालायला कुणालाच वेळ नाही!

आपल्याकडे कुत्र्याला मान नव्हता असं नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे. सातारच्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आहे. पण खंड्याचे आईबाप कोण हे लिहून ठेवायची कुणाला गरज वाटली नाही. कुत्रा चांगला की वाईट हे त्याच्या कामावरून ठरायचं. पळाला तो चांगला. चांगल्याची पिल्लं शेजाऱ्याने मागून न्यायची. झाली पैदास.

कागदाची पद्धत आली इंग्लंडमधून. जिला पहिला आधुनिक डॉग शो म्हणतात ती स्पर्धा जून १८५९ मधे न्यूकॅसलला भरली. पॉइंटर आणि सेटर अशी फक्त दोन प्रकारची शिकारी कुत्री, आणि बक्षीस म्हणून बंदुका. पॉइंटरांत जिंकलेल्या कुत्र्याचा मालक सेटरांचा परीक्षक होता आणि सेटरांत जिंकलेल्याचा मालक पॉइंटरांचा. (आपल्याकडच्या गणपती मंडळांच्या स्पर्धा उगाच बदनाम आहेत.) १८७३ मधे लंडनला केनेल क्लब निघाला आणि पाठोपाठ स्टडबुक, म्हणजे कुत्र्यांची वंशावळ-वही. तिथून 'जात' या शब्दाचा अर्थच बदलला. आधी जात म्हणजे काय काम करतो. आता जात म्हणजे वहीत कुणाचा मुलगा आहे, आणि छापलेल्या वर्णनाशी, म्हणजे ब्रीड स्टँडर्डशी किती जुळतो.

पोळ्यालाही शो असतोच की. तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, गावातली जाणती माणसं बघतात, चांगल्या जोडीला बक्षीस मिळतं. फरक एवढाच की त्या बैलाने वर्षभर वखर ओढलेला सगळ्यांनी बघितलेला असतो.

असो. पुढे मुधोळ संस्थान मार्च १९४८ मधे मुंबई प्रांतात विलीन झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली आणि मुधोळ म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. राजाश्रय संपला. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावरची शिकारही बंद झाली. कायदा योग्यच होता, पण या कुत्र्याचं कामच गेलं. राजाही नाही आणि कामही नाही, मग तो टिकला कसा?

उत्तर साधं आहे: घराघरांत. एक-दोन माद्या पाळणारी शेतकऱ्यांची आणि मेंढपाळांची घरं. मेंढरांची राखण, शेताची राखण, हौस, आणि अधूनमधून पिल्लं विकून चार पैसे. वि. वा. सोमणांसारख्या एखाद्याने १९६३ मधे भारतीय कुत्र्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, पण शहरात तेव्हा अल्सेशियन आणि पॉमेरेनियनचा जमाना होता. सरकारचं लक्ष गेलं ते बऱ्याच उशिरा. ९ जानेवारी २००५ ला टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र झालं. २०१६ मधे तिथली पिल्लं प्रशिक्षणासाठी लष्कराच्या मेरठच्या केंद्रात गेली. ऑगस्ट २०२० मधे पंतप्रधानांनी 'मन की बात'मधे नाव घेतलं. आणि मग एकदम मागणी वाढली.

आता भावाचा प्रश्न. केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्याची नोंद 'कारवान हाऊंड' म्हणून करतो. इंडियन नॅशनल केनेल क्लब करतो 'मुधोळ हाऊंड' म्हणून. कुत्रा तोच! ज्या क्लबचा शो, त्या क्लबचं नाव. एका डेटाबेसमधे एक प्रायमरी की, दुसऱ्यात दुसरी, आणि दोन्ही टेबलं जोडायची सोय नाही. ऑफिसमधे रोज हेच बघतो, त्यामुळे मला धक्का वगैरे बसला नाही :-)

पण फॉर्म भरताना खालची ओळ वाचली: सायर, डॅम. म्हणजे बाप आणि आई. भावाने दोन्हीपुढे 'माहीत नाही' लिहिलेलं. आणि प्लॅन काय, तर याच बहीणभावाचं वेत घ्यायचं.

इथे मी वही-पेन घेऊन बसलो. सख्ख्या बहीणभावाच्या पिल्लात कुठल्याही जागेवरच्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीवरून आलेल्या असण्याची शक्यता २५ टक्के. त्या पिल्लांतही बहीणभाऊ लावले तर ३७.५ टक्के, त्याच्या पुढच्या पिढीत ५० टक्के. लपलेले दोष वर यायला याहून सोपा रस्ता नाही.

दुसरा हिशोब याहून वाईट. शोमधे एक नर चॅम्पियन झाला की सगळ्यांना आपली मादी त्यालाच लावायची असते. समजा एक नर आणि पन्नास माद्या. मोजायला एक्कावन्न कुत्री, पण पुढच्या पिढीत किती विविधता जाणार त्याचं सूत्र (चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले दोघांची बेरीज) लावलं तर उत्तर येतं जेमतेम चार! म्हणजे पन्नास घरांनी सांभाळलेली विविधता एका चषकापायी चार कुत्र्यांएवढी उरते. राजाश्रय गेल्यावरही हा कुत्रा टिकला तो घरं अनेक होती, नर अनेक होते म्हणून. आता मागणी वाढल्यावर सगळे एकाच दारात रांग लावणार असतील, तर जे दुष्काळाने केलं नाही ते कौतुक करून दाखवेल.

हे सगळं मी भावाला सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे पैसे बुडाले म्हण नं." त्याचं चूक नव्हतं. दोन कुत्र्यांना त्याने कापसाचे पैसे घातलेत. त्यात २०१७ च्या केंद्राच्या नियमांमुळे पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते, १८ महिन्यांच्या आत मादी लावता येत नाही, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. तो आधीच वैतागलेला.

वाद मिटवला मोठेबाबांनी. ओसरीवर बसून सगळं ऐकत होते. एका वाक्यात म्हणाले, "आपल्या गायीले आपल्याच गोठ्यातला गोऱ्हा कोणी लावते का बे?"

माझ्या दोन पानांच्या गणिताचं उत्तर त्यांच्याकडे आधीपासूनच होतं. वर्ध्यात ते असणारच. आर्वीकडची पांढरी, चपळ गवळाऊ ही इथलीच गाय. जमनालाल बजाजांनी १९४१ मधे गोसेवा संघ काढला तो वर्ध्यातच. पण गवळाऊची वही आमच्या घरी कुणी ठेवली नाही. आजोबांकडे होत्या म्हणतात. आज गोठ्यात एकही नाही, आणि शेवटची कुणाला विकली हेही कुणाला आठवत नाही.

मग भावाने लातूरला फोन लावला, स्पीकरवर. विकणाऱ्याला विचारलं, याचा बाप कोण, आई कोणाची? पलीकडच्या माणसाने एका दमात तीन पिढ्या सांगितल्या. कुठल्या गावचा नर, कुणाच्या वस्तीवरची मादी, कुठल्या पिल्लाचा पाय अधू निघाला, कोण पाण्याला घाबरायचं. सगळं तोंडपाठ. विचारलं, "हे कुठं लिहून ठेवलंय का?" तो हसला. म्हणाला, "लिहायचं कशाला, मी हाय की."

त्या 'मी हाय की'वर एवढी वर्षं हे सगळं चाललंय. पण तो नसेल तेव्हा काय? आमच्या भाषेत, बॅकअपच नाही.

मी तिथेच शंभर पानी वही उघडली आणि फोनवर ऐकलेलं सगळं उतरवून घेतलं. भावाने नर ठेवायचं ठरवलंय. मादीसाठी दुसऱ्या गावचा, नात्याबाहेरचा नर शोधणार. वेत लांबलं, पैसेही लांबले. फॉर्ममधे 'कारवान' लिहिलं, कारण तो शो त्या क्लबचा होता. बाप आणि आई या रकान्यांत मात्र आता नावं आहेत. क्लब ती मान्य करो वा न करो. आईच्या नावापुढे तिच्या गावाचं नाव लिहिलंय, आणि ती ज्या मेंढपाळाच्या वस्तीवर जन्मली त्याचंही.