जामखेडची शाळा

रोग दिसतो माणसाच्या देहात; पण त्याचे मूळ पुष्कळदा देहाबाहेर, पाणवठ्यावर, उकिरड्याशी, नाहीतर बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत असते. असे असूनही वैद्यक शिकवण्याची आपली रीत रुग्णालयाच्या खाटेपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. ही रीत बदलण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात झाला. त्याची हकीकत आज आपणांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. पुढे वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना, दारी येणारी बहुतेक दुखणी मुळातच टाळता येण्याजोगी आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते परतले आणि १९७० साली अवर्षणग्रस्त जामखेडास त्यांनी काम आरंभिले.

शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवाव्यात, हा पहिला बेत फसला. परक्या तरुण मुलीचे गाव ऐकेना, आणि तिलाही तेथे एकटीने राहणे अवघड. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडून द्यावी, असे ठरले. यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती. कित्येक दलित होत्या. त्या जामखेडला येत, एकत्र राहत, एका पंगतीत जेवत आणि शिकत. हे शिक्षण एकदा उरकून टाकायचे नव्हते. ते आठवड्यामागून आठवडे चालू राहिले.

त्या शिकल्या काय? जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे. नाळ स्वच्छ पात्याने कापावी व तिला शेण-राख लावू नये. मूल मोठे होईल या भीतीने गरोदर बाईने पोट मारू नये. त्याबरोबरच विहिरीचे पाणी, सांडपाण्याचे शोषखड्डे आणि परसातली भाजी हेही त्यांच्या अभ्यासक्रमातच होते. ७०-७३ च्या दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी कूपनलिका खोदल्या गेल्या, तेव्हा पाणी आणि बाळाचे आरोग्य यांचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

अर्धशिक्षित बाईच्या हाती औषध देणे धोक्याचे, असा आक्षेप यावर कोणी घेईल. तो अगदीच पोकळ नव्हे. पण ती बाई एकटी नव्हती. तिच्यामागे गावोगाव फिरणारे पथक होते आणि अवघड बाळंतपणासाठी जामखेडचे रुग्णालय होते. फळ आकड्यांत दिसते. १९७१ साली तेथील गावांत हजार जन्मांमागे सुमारे १७६ अर्भके दगावत. १९७६ पर्यंत हा आकडा ५२ च्या आसपास उतरला. त्या वर्षांत सबंध देशाचा आकडा १२० च्या खाली आला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या एका ग्रंथात जामखेडच्या कामाला स्थान मिळाले. १९७८ साली आल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा निघाला. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला. २००५ पासून देशभर ‘आशा’ नेमल्या गेल्या, तेव्हा गावची बाई हीच गावची आरोग्यरक्षक, ही कल्पना सरकारनेही स्वीकारली.

परंतु कल्पना उचलणे सोपे, तिचा प्राण उचलणे कठीण. आशांचे आरंभीचे शिक्षण वर्षभरात वाटलेल्या २३ दिवसांचे ठरले होते. जामखेडची शाळा मात्र सुटतच नसे. आज तर बाळाभोवतीचे धोके वाढले आहेत: चुलीच्या धुरात फवारणीच्या औषधांची भर पडली आहे. हे ओळखण्याचे शिक्षण केवळ आशांना देऊन भागणार नाही. पदवीधर डॉक्टरांसही ते हवे. रोग्याची नाडी पाहताना त्याच्या घरचे पाणी आणि चूल विचारणारा वैद्य घडवणे, हा जामखेडचा धडा आहे. तो अजून आपल्याला पुरता गिरवायचा आहे, असे आम्हांस वाटते.