घाटघर उदंचन जलविद्युत् प्रकल्प

घाटघर उदंचन जलविद्युत् प्रकल्प : सह्याद्रीच्या माथ्यावरील व पायथ्याच्या दोन जलाशयांत तेच पाणी आलटून-पालटून खेळवून वीजनिर्मिती करणारा महाराष्ट्र शासनाचा प्रकल्प. वरचे धरण अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात घाटघर येथे प्रवरा नदीवर, तर खालचे ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात चोंढे गावाजवळ शाही नाल्यावर आहे. दोहोंच्या उंचीत सुमारे ४०० मी. फरक असून भूमिगत विद्युत् गृहात प्रत्येकी १२५ मेवॉ. क्षमतेचे दोन संच आहेत. हेच संच मागणीच्या वेळी टरबाइन म्हणून व एरवी पंप म्हणून चालतात.

असा प्रकल्प देतो त्याहून अधिक वीज खातो, ही गोष्ट सामान्य वाचकास चमत्कारिक वाटते. एक घनमीटर पाणी ४०० मी. खाली आले, तर सुमारे एक युनिट वीज मिळते. तेवढेच पाणी वर चढविण्यास सुमारे सव्वा युनिट लागते. तेव्हा संध्याकाळच्या विजेचे मोल रात्रीच्या विजेच्या सव्वापटीहून अधिक असेल, तरच व्यवहार तोट्यातून बाहेर येतो. धरणे, बोगदे व यंत्रे यांवरील व्याज त्यानंतरचे. औष्णिक केंद्रे रात्री बंद करणे परवडत नाही, त्यामुळे त्या वेळी वीज शिल्लक राहते, या वस्तुस्थितीवर मूळ योजना आधारलेली होती. इंधन फुकट पण भांडवल महाग, ही अडचण केवळ घाटघरची नाही. केरळमध्ये विळिंजम येथे १९९१ मध्ये सागरी लाटांवर चालणारे १५० किवॉ. क्षमतेचे प्रायोगिक केंद्र उभारले गेले, त्यालाही ती चुकली नाही. लाटांची वीज तर मागणीकडे पाहून निर्माण करता येत नाही. घाटघरची येते, आणि तिची खरी किंमत तीच.

प्रकल्पास जपानचे कर्ज १९८८ मध्ये मिळाले; वीजनिर्मिती मात्र २००८ मध्ये सुरू झाली. भांडवलप्रधान प्रकल्पात इतका काळ लोटणे म्हणजे उत्पन्न सुरू होण्याआधीच व्याज साचत जाणे होय. रोलरने दाबलेल्या काँक्रीटची धरणे भारतात प्रथम येथे बांधली गेली. या पद्धतीत सिमेंटचा बराच भाग औष्णिक केंद्रांतील राखेने भरून काढता येतो.

येथील पाणी पुन्हा वर जाते. टाटांच्या खोपोली केंद्रापासून (१९१५) घाटावरचे पाणी कोकणात उतरवून वीज काढण्याची जी रीत पडली, तीत ते मूळ खोऱ्यास कायमचे अंतरते. शहापूरकरांच्या दृष्टीने मात्र चोंढ्याचे पाणी वीजगृहाशीच बांधलेले आहे. तानसा व भातसा जलाशयांचे पाणी मुंबईस पुरविणाऱ्या या तालुक्यातील अनेक पाडे उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असतात.

सौरऊर्जेच्या वाढीमुळे आता स्वस्त वीज दुपारी मिळू लागली आहे आणि पाणी चढविण्याची वेळही रात्रीवरून दिवसाकडे सरकू शकते. म्हणून अशा प्रकल्पांकडे पुन्हा लक्ष वळले असून राज्य शासनाने २०२३ मध्ये त्यांसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. मुरबाड तालुक्याच्या सीमेवरील माळशेज घाटातही असाच प्रकल्प उभारण्याची योजना दीर्घकाळ विचाराधीन राहिली आहे.