शनिवारचा घाणा

शब्बाथला सिनेगॉगमध्ये तोराचा त्या आठवड्याचा नेमलेला भाग वाचतात. 'वाएतहनान' या भागात दहा आज्ञा पुन्हा येतात. 'निर्गम'मध्ये शब्बाथच्या विश्रांतीचे कारण सृष्टीची निर्मिती हे आहे. येथे मात्र मिसरमधील गुलामगिरीचे स्मरण आहे. म्हणूनच दास-दासींनी मालकासारखाच विसावा घ्यावा, बैलालाही तो मिळावा, अशी ही आज्ञा आहे.

कोकणातील बेने इस्रायलींजवळ दीर्घकाळ तोरा नव्हती. त्यांचे पहिले सिनेगॉग मुंबईत १७९६ साली उभे राहिले. तरीही शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवल्यामुळे ते 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेले. घाणा थांबला की बैलाचेही फिरणे थांबे. ग्रंथ हाती नसतानाही आज्ञा आचरणात टिकली. विसावा ही धन्याची मेहेरबानी नव्हे, राबणाऱ्याचा हक्क आहे, हेच त्या थांबलेल्या घाण्यापासून आम्ही शिकावे.