महिनाभराच्या सुया, एका दिवसाचे सलाइन

काशीत गंगाकाठाने चालताना मराठी माणसाला एक घरचे नाव भेटते: भोसले घाट. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधला. वर लक्ष्मीनारायणाचे मंदिर आहे. तिथून दक्षिणेला, लंका भागात, १९१६ साली स्थापन झालेले बनारस हिंदू विद्यापीठ आहे. आपली यात्रा बहुधा घाटांवरच संपते. विद्यापीठातल्या डॉ. श्याम सुंदर यांनी कालाआजारावर केलेले काम त्यामुळे मराठीत फारसे पोचलेच नाही.

कालाआजार हा भारतात मुख्यतः बिहारच्या गरिबांचा रोग. मातीच्या घरांत, गोठ्यांत वावरणारी वाळूमाशी चावते आणि परजीवी अंगात शिरतो. ताप हटत नाही, प्लीहा फुगते, माणूस खंगतो. उपचार न मिळाल्यास बहुधा दगावतो. कलकत्त्याच्या उपेंद्रनाथ ब्रह्मचारींच्या युरिया स्टिबामाइन या अँटिमनीच्या औषधाने १९२०च्या दशकात असंख्य जीव वाचवले. पुढेही कित्येक दशके भिस्त अँटिमनीच्याच औषधांवर राहिली.

मग ती औषधे हरू लागली. डॉ. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी २००० साली आकडे मांडले: त्याच औषधाने उत्तर प्रदेशात ८६ टक्के रुग्ण बरे होत होते, बिहारमध्ये अवघे ३५ टक्के.

निदानही जिवावरचे होते. प्लीहेत सुई खुपसायची, आणि रक्तस्रावाची धास्ती. १९९८ साली याच गटाने बोटाच्या थेंबभर रक्तावर चालणाऱ्या पट्टीची चाचणी गावपातळीवर वापरण्याजोगी असल्याचे दाखवले. कर्करोगासाठी तयार झालेल्या मिल्टेफोसिनच्या गोळ्यांनी २००२च्या अभ्यासात २८ दिवसांत ९४ टक्के रुग्ण बरे झाले. मात्र गर्भाला अपाय होण्याचा धोका असल्याने गरोदर बाईला ते देता येत नाही.

सर्वांत मोलाचा मला त्यांचा २०१०चा प्रयोग वाटतो. त्यांच्या मुझफ्फरपूरच्या केंद्रात लिपोसोमल अँफोटेरिसिन या औषधाचे एकच सलाइन देऊन ९५.७ टक्के रुग्ण बरे झाले; साध्या अँफोटेरिसिनच्या जुन्या पद्धतीत २९ दिवसांत १५ सलाइने लावून ९६.३ टक्के. रोजंदारीवर पोट असलेल्या कुटुंबाचा महिन्याचा रोजगार या फरकात वाचतो. औषध महाग होते. २०११पासून गिलियड कंपनी ते जागतिक आरोग्य संघटनेला देणगीदाखल देऊ लागली.

२०२३ साली बांगलादेश हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून हटवणारा पहिला देश ठरला. भारतात आता लक्ष ठेवावे लागते ते बऱ्या झालेल्या माणसांवर: काहींच्या त्वचेवर पुढे महिन्यांनी, वर्षांनी डाग उमटतात, त्यांत परजीवी जिवंत असतो आणि वाळूमाशी तो तिथूनही उचलते.