रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे

सांख्यिकी आज्ञावलीत सर्वाधिक घात करते ती नसलेली नोंद. समजा, एका पर्जन्यमापकावर पाच दिवसांपैकी चार दिवस १०, २०, ३० आणि ४० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एके दिवशी मात्र नोंदच झाली नाही. उपलब्ध नोंदींची सरासरी २५ मिलिमीटर येते. रिकाम्या जागी शून्य धरल्यास ती २० होते. 'नोंद नाही' या अर्थाने -९९ लिहिण्याची जुनी प्रथा आहे. तो आकडा बेरजेत शिरला, तर सरासरी अवघी ०.२ उरते. पाऊस तोच; पण अशाच आकड्यांवर टंचाईचे निर्णय अवलंबून असतात.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी विकसित केलेल्या 'आर' या संगणकभाषेत अशा जागेसाठी 'एनए' ही स्वतंत्र खूण आहे. यादीत एक जरी 'एनए' असेल, तरी सरासरीचे उत्तर 'एनए' असेच येते. हा दोष नव्हे, इशारा होय. रिकाम्या नोंदी वगळण्याची सूचना वापरकर्त्याला स्पष्टपणे द्यावी लागते. शून्याला शून्याने भागल्यास मिळणारे 'एनएएन' हे उत्तर मात्र निराळे. तेथे नोंद हरवलेली नसते, उत्तरच अनिश्चित असते.

दुसरा सापळा माहितीच्या प्रकाराचा. त्याच स्तंभात कोणी 'नोंद नाही' असे शब्द लिहिले, तर संपूर्ण स्तंभ मजकूर ठरतो. २०२० मधील ४.०.० आवृत्तीपूर्वी 'आर' अशा स्तंभाचे आपोआप 'फॅक्टर'मध्ये, म्हणजे वर्गवारीत, रूपांतर करीत असे. या वर्गवारीचे थेट संख्येत रूपांतर केल्यास पावसाचे आकडे न मिळता १, २, ३, ४, ५ हे वर्गांचे क्रमांक हाती येतात. सरासरी ३ येते आणि संगणक चूकही दाखवीत नाही. म्हणून आधी मजकूर, मग संख्या, या क्रमाने रूपांतर करावे लागते.

रिकाम्या नोंदी वगळणेही नेहमीच निर्धोक नसते. नोंद का राहिली, हे महत्त्वाचे, असे संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले. मुसळधार पावसामुळेच यंत्र बंद पडले असेल, तर २५ ही सरासरीदेखील कमीच ठरते. त्यामुळे सरासरी काढण्यापूर्वी स्तंभाचा प्रकार तपासणे, रिकाम्या जागा मोजणे आणि त्यांचे कारण शोधणे अगत्याचे ठरते.