गाडीचा सातबारा

आमच्या घरात एक गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की ती मला आठवतेच असं वाटतं. खरं तर तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. १९९९ चा उन्हाळा. बाबा आरमोरीजवळच्या एका शाळेत शिक्षक होते आणि त्यांना जुनी यामाहा आरएक्स १०० घ्यायची होती. कंपनीने ती बनवणं १९९६ साली बंद केलं होतं, त्यामुळे घ्यायची तर जुनीच. वडशाला एक विकायला आहे असं कळलं. बाबांनी सोबत ओळखीचा मिस्त्री घेतला.

गाडी धुऊनपुसून अंगणात उभी होती. बाबा आरसी बुक मागणार, तेवढ्यात मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, कागद मंग पाहू. आधी इंजिन थंडं हाय का पाहा." हात लावला तर इंजिन कोमट. म्हणजे हे पोहोचायच्या आधी कोणीतरी गाडी चालू करून ठेवली होती. मिस्त्रीने चहा घेतला, धानाच्या भावावर बोलला आणि दोघं एक किकही न मारता परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, न सांगता, पुन्हा गेले. थंड गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली. धूर टू-स्ट्रोकला असतो तेवढाच. बाबांनी ती घेतली.

गेल्या वर्षी पुण्यात मी एका जुन्या स्पोर्ट्स कारसाठी २५ हजार रुपये टोकन दिलं तेव्हा ही गोष्ट मला आठवायला हवी होती. आठवली नाही. दोन सीटची गाडी, २०१२ चं मॉडेल, सेकंड ओनर, मीटरवर फक्त २१ हजार किलोमीटर. किंमत म्हणजे माझी पाच वर्षांची बचत आणि वर थोडं कर्ज. रात्री घरी फोन करून सांगितलं. बाबा रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "तिचा सातबारा पाहिलास का?"

आमच्याकडे नुसती काळी माती बघून कोणी शेत घेत नाही. आधी सातबारा, मग फेरफार, मग जमीन भोगवटादार वर्ग एक आहे की वर्ग दोन. जमीन समोर दिसते, तिचा भूतकाळ दिसत नाही. तो वाचावा लागतो. जुनी वेगवान गाडी घेताना काय तपासायचं याच्या याद्या नेटवर भरपूर आहेत. मीही एक डाउनलोड करून ठेवली होती. पण त्या यादीतली प्रत्येक ओळ तिथे का आली, हे यादीत लिहिलेलं नसतं. प्रत्येक ओळीमागे कोणाचं तरी झालेलं नुकसान असतं, आणि ते कळलं की यादी नीट वाचता येते.

वर्ग दोनची फेरारी

आपल्याकडच्या सगळ्यात प्रसिद्ध सेकंडहँड स्पोर्ट्स कारपासून सुरुवात करू. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिन तेंडुलकरने २९ वं कसोटी शतक करून डॉन ब्रॅडमनची बरोबरी केली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला मायकल शूमाकरच्या हस्ते फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. ती भारतात आणायची तर सीमाशुल्क होतं सुमारे १ कोटी १३ लाख रुपये. सरकारने ते माफ करायचं ठरवलं आणि गदारोळ झाला. स्पर्धेत जिंकलेलं बक्षीस आणि कंपनीने दिलेली भेट सारखीच का, असा प्रश्न निघाला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी शुल्क फियाटने भरलं. २०११ साली सचिनने ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली.

आता त्या खरेदीदाराच्या जागी उभं राहून बघा. ज्या गाडीचं शुल्क भरलं आहे ती वर्ग एकची जमीन. शुल्काची सवलत अटीवर मिळालेली किंवा शुल्क चुकवलेली गाडी म्हणजे वर्ग दोन: कब्जा तुमचा, पण हक्क अर्धवट. शुल्क बुडवून आणलेला माल सध्या कोणाच्या हातात आहे, याने सीमाशुल्क खात्याला फरक पडत नाही. ते जप्त करू शकतात.

हे नुसतं पुस्तकी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात सीमाशुल्क विभागाने 'ऑपरेशन नुमखोर' नावाने छापे घातले. भूतानमार्गे बेकायदा आणून इथल्या राज्यांत नोंदवलेल्या महागड्या गाड्या शोधायच्या होत्या. त्यांतल्या काहींचे मालक दुसरे-तिसरे खरेदीदार होते. वापरलेली गाडी भारतात आयात करायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे लागतं आणि बंदर मुंबईचंच लागतं. म्हणून आयात गाडीत दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायच्या: बनल्याचं साल आणि भारतातल्या पहिल्या नोंदणीचं साल. अंतर मोठं असेल तर 'बिल ऑफ एंट्री', म्हणजे शुल्क भरल्याचा कागद, हातात आल्याशिवाय पुढे बोलायचं नाही.

एक नंबर, दोन गाड्या

दुसरी ओळ: चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. वाचायला ही कारकुनी वाटते. पण डीसी अवंती आठवा. २०१२ च्या ऑटो एक्स्पोत दिसलेली, भारतात बनलेली, इंजिन सीटच्या मागे असलेली स्पोर्ट्स कार. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी तिच्या निर्मात्याला अटक केली. एकाच चासी आणि इंजिन नंबरवर वेगवेगळ्या राज्यांत नोंदणी झाली आणि एकाच गाडीवर अनेक कर्जं उचलली गेली, असे पोलिसांचे आरोप होते. आरोप म्हणजे निकाल नव्हे. पण खरेदीदारासाठी धडा सरळ आहे. फोटोतला नंबर पुरत नाही. टॉर्च घेऊन वाकायचं, धातूवर कोरलेले आकडे स्वतः वाचायचे आणि त्यांच्याभोवती घासल्याच्या, वेल्डिंगच्या खुणा आहेत का ते बघायचं. बोजा उतरला का हेही बघायचं. सातबाऱ्यावर सोसायटीचं कर्ज असतं, तसं आरसीवर हायपोथिकेशन असतं. ते उतरवायला फॉर्म ३५ लागतो, नावावर करायला २९ आणि ३०, आणि दुसऱ्या राज्यातून यायचं तर २८, म्हणजे एनओसी.

आमच्याकडे अजूनही बाँडपेपरवर गाड्या विकल्या जातात. आरसीवर पहिल्याच मालकाचं नाव, चालवतो चौथा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सांगितलं, की अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच, गाडी मधे कितीही हातांतून गेली असली तरी. घेणारा नाव बदलत नाही आणि विकणारा झोपेत भरपाईचा धनी होतो. गाडी चारशे बीएचपीची असेल तर ही झोप फार महाग पडते.

मी ठरवलेल्या गाडीचे कागद मात्र स्वच्छ होते. पहिली नोंदणी चेन्नईची. तिथल्या आरटीओची एनओसी फेब्रुवारी २०१६ ची. मग महाराष्ट्रात नोंदणी, कर भरलेला, कर्ज नाही. मी खूश झालो. कागद वाचला, पण त्यावरची तारीख वाचली नाही.

मिस्त्रीचं चुंबक

वडशाच्या मिस्त्रीच्या खिशात चुंबक असायचं. जीप-ट्रॅक्सच्या पत्र्यावरून तो ते फिरवायचा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी, म्हणजे गाडी ठोकलेली. साधी आणि पक्की युक्ती. पण फेरारी ३६० ची चासी आणि बॉडी ॲल्युमिनियमची आहे. चुंबक कुठेच चिकटणार नाही. गोव्यात १९९८ च्या सुमारास बनायला लागलेल्या 'सॅन स्टॉर्म' या छोट्या स्पोर्ट्स कारची बॉडी फायबरग्लासची. तिथेही चुंबक निरुपयोगी. वेगासाठी वजन कमी केलं की धातू बदलतो आणि तपासायची रीतही बदलते. ॲल्युमिनियमवर चालणारं पेंटची जाडी मोजणारं यंत्र मिळतं. बोनेट, दारं, छत सगळीकडे आकडा जवळपास सारखा यायला हवा. एका दारावर तो दुप्पट-तिप्पट आला, तर त्या दाराला काहीतरी सांगायचं आहे.

कमी किलोमीटरचा मोहही असाच फसवतो. ३६० चा टायमिंग बेल्ट साधारण तीन वर्षांनी बदलावा असं सांगतात, गाडी चालो वा न चालो. रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी कोरी असली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, आणि ताशी दीडशेला ब्रेक दाबल्यावर ते कळून उपयोग नसतो. शिवाय प्रत्येक मॉडेलला त्याचं म्हणून एक दुखणं असतं. पोर्शेच्या बॉक्स्टर आणि ९११ मधलं इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग इतकं गाजलं, की अमेरिकेत २००१ ते २००५ च्या गाड्यांसाठी सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. गाडी बघायला जाण्याआधी त्या मॉडेलचं दुखणं माहीत हवं.

लॉग कोणी पुसला?

इथे माझा पेशा कामी येतो. गाडीचा संगणक, ईसीयू, हे सगळं लिहून ठेवतो. पोर्शेसारख्या गाड्यांत इंजिन मर्यादेबाहेर किती वेळा फिरलं आणि ते गाडीच्या कितव्या तासाला झालं, याची नोंद असते. पाचव्या गिअरवरून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला की लिमिटरही इंजिनाला वाचवू शकत नाही. मालक ते विसरतो, ईसीयू विसरत नाही. ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावल्यावर 'एकही एरर नाही' असं दिसलं तर लगेच खूश होऊ नका. शेजारी 'रेडिनेस' बघा. बहुतेक चाचण्या अपूर्ण दिसत असतील तर एरर नव्हते असं नाही, ते नुकतेच पुसलेत. ऑफिसात सर्व्हरचा लॉग रिकामा दिसला तर आपण आधी हेच विचारतो ना, की पुसला कोणी? इंजिन आधीच गरम करून ठेवणं ही याच युक्तीची जुनी आवृत्ती.

आरएक्सची पोरं पोर्टिंग करून घ्यायची, सायलेन्सर बदलायची. वेग वाढायचा, पिस्टन जाम व्हायचा. आज तेच काम लॅपटॉपने होतं, त्याला रीमॅप म्हणतात. विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकतात. सॉफ्टवेअर परत जातं, पण गिअरबॉक्सवर आणि टर्बोवर पडलेला ताण परत जात नाही.

गाळाची रेघ

मी लहान असताना बाबांची दोन वर्षं भामरागडला बदली होती. पर्लकोटा पुलावरून वाहायला लागली की तालुक्याचा जगाशी संपर्क तुटायचा. पाणी ओसरल्यावर लोक घरं धुवायचे, चुना मारायचे. तरी कपाटामागे, दाराच्या चौकटीत गाळाची एक रेघ राहायचीच. पाणी कुठवर आलं होतं हे विचारायचं असेल तर माणसाला नाही, कपाटाला विचारायचं.

गाडीलाही तसंच विचारायचं असतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या आणि जुन्या गाड्यांच्या बाजाराला पुराची गाडी ओळखायला शिकावं लागलं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. कार्पेट उचला. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, दिव्यांच्या आत धुकं आहे का ते बघा.

बाबांच्या फोननंतरच्या शनिवारी मी पुन्हा गेलो, सकाळी सातला, न सांगता. ड्रायव्हरचा सीटबेल्ट नवा होता. शेजारच्या सीटचा मूळचा. तो मी ओढत गेलो, ओढत गेलो. अगदी शेवटच्या वीतभर पट्ट्यावर फिकट तपकिरी रेघ होती, पट्टीने आखल्यासारखी. तेव्हा मला ती तारीख आठवली. एनओसी फेब्रुवारी २०१६ ची. चेन्नईचा पूर डिसेंबर २०१५ चा. कागद आणि गाळ एकच गोष्ट सांगत होते. मीटर बहुधा खरंच होतं. पाण्यातून निघाल्यावर गाडी फारशी चाललीच नव्हती. पाण्यात बसलेली वायरिंग आणि एअरबॅगचा कंट्रोलर घेऊन मी एक्स्प्रेसवेवर गेलो असतो. टोकन परत मिळालं नाही.

दिवाळीला गडचिरोलीला गेलो. बाबांचे गुडघे आता किक मारू देत नाहीत, म्हणून आरएक्स विकायची ठरली होती. चामोर्शीकडून एक पोरगा बघायला आला. बाबांनी आरसी, फिटनेसची नूतनीकरण केलेली नोंद, दोनदा बदललेल्या पिस्टनची बिलं, सगळं टेबलावर मांडलं. पोरगा किक मारायला पुढे झाला तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब बाबू. हा आत्ताच चक्कर मारून आला आहे, इंजिन गरम आहे. उद्या सकाळी ये."

पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी किल्ली बाबांच्या हातात दिली.