थ्रेड : संस्थाने गेली, महाराजा राहिला | एअर इंडियाच्या बोधचिन्हांचा इतिहास

१/ ८ मार्च १९४८. या एकाच दिवसाच्या दोन नोंदी आहेत. आपल्या सोलापूरच्या शेजारचे अक्कलकोट संस्थान सांगली, औंध, फलटण यांच्यासह मुंबई प्रांतात विलीन झाले. आणि त्याच दिवशी ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ ही कंपनी स्थापन झाली. खरे राजे इतिहासजमा होत असताना या कंपनीचा चेहरा मात्र एक महाराजा होता. या विसंगतीचा मागोवा आजच्या थ्रेडमध्ये घेऊ.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत विमान चालवत आणले. याच टपालसेवेची पुढे ‘टाटा एअरलाइन्स’ झाली आणि १९४६ मध्ये तिचे नाव ‘एअर इंडिया’ असे झाले. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले.

३/ कंपनीचे अधिकृत बोधचिन्ह होते सेंटॉर : कमरेवर माणूस, कमरेखाली घोडा, हाती ताणलेले धनुष्य. वेग आणि अचूक दिशा या दोन्हींचा बोध त्यातून होतो. ही आकृती ग्रीक असली तरी भारताला परकी नव्हे. ती म्हणजे आपली धनू रास. ग्रीकांशी आलेल्या संपर्कातून ही राशिकल्पना भारतीय ज्योतिषात रुजली आणि वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त धनू राशीचे वर्णन अश्वाचा मागचा भाग असलेला धनुर्धर असेच केले आहे. पूर्व आणि पश्चिम जोडू पाहणाऱ्या कंपनीला हे चिन्ह शोभून दिसले.

४/ लोकांच्या स्मरणात मात्र दुसरीच आकृती राहिली. १९४६ मध्ये कंपनीचे अधिकारी बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्पसन या जाहिरात संस्थेच्या मुंबई कार्यालयातील चित्रकार उमेश राव यांनी महाराजा घडवला : गोल चेहरा, भरघोस मिशा, पट्ट्यांचा फेटा, तरतरीत नाक. तो कुठल्या राजघराण्याचा नाही, दुसरा समर्पक शब्द सापडेना म्हणून त्याला महाराजा म्हणायचे, असे कूकांचे म्हणणे होते.

५/ या चित्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याची मुद्रा. हा राजा सिंहासनावर बसून मुजरे घेत नाही. स्वतःच छातीशी हात नेऊन, कमरेत वाकून प्रवाशाचे स्वागत करतो. दरबारी रीत इथे उलटी झाली आहे. ज्याने तिकीट काढले तो राजा, आणि फेटा बांधलेला महाराजा त्याचा यजमान.

६/ १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. म्हणजे समाजवादी वळणाच्या एका प्रजासत्ताकाची सरकारी कंपनी जगापुढे राजाच्या रूपात उभी राहू लागली. महाराजाला कोणी पदच्युत केले नाही. जाहिरातींत तो देशोदेशीचे वेश घालून हिंडत राहिला.

७/ आता १९७१ कडे या. त्या वर्षी एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७ आले. नाव ‘एम्परर अशोक’. त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती कमानदार झरोक्याची लाल महिरप रंगवलेली होती आणि जाहिरात होती आकाशातल्या राजवाड्याची. त्याच वर्षाच्या अखेरीस २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि त्यांची अधिकृत मान्यता संपुष्टात आली. जमिनीवरचे राजेपण कायद्याने मिटले, तेव्हा आकाशात नवा राजवाडा उभा राहिला होता.

८/ येथे सावधगिरी हवी. तारखा जुळल्या म्हणून एका घटनेतून दुसरी घडली असे होत नाही. कंपनीसमोरचा प्रश्न व्यापाराचा होता. पाश्चात्त्य प्रवाशाच्या मनात हिंदुस्थान म्हणजे राजे, हत्ती, महाल हे चित्र वसाहतकाळातच ठसले होते. एअर इंडियाने ते पुसले नाही. त्याला थोडे मिश्कील केले आणि विकले. हे चातुर्य होते की परक्याच्या नजरेने स्वतःकडे पाहणे होते? माझ्या मते दोन्ही. वाकलेला महाराजा त्या नजरेची थट्टा करतो, पण तिच्याच आधारावर उभाही राहतो.

९/ देशांतर्गत सेवा देणाऱ्या इंडियन एअरलाइन्सने २००५ मध्ये ‘इंडियन’ हे नाव आणि कोणार्कच्या सूर्यमंदिरातील चाकावर आधारलेले चिन्ह स्वीकारले. २००७ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र आल्या, तेव्हा बोधचिन्हांचेही विलीनीकरण झाले : सेंटॉरवरून बेतलेला लाल उडता हंस आणि त्याच्या पोटात केशरी कोणार्क चक्र.

१०/ २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी पुन्हा टाटांकडे आली. १० ऑगस्ट २०२३ रोजी नवे बोधचिन्ह जाहीर झाले : ‘द व्हिस्टा’. हंस गेला, चक्र गेले. उरले ते खिडकीच्या सोनेरी चौकटीचे टोक. म्हणजे अधिकृत बोधचिन्हांपैकी कोणतेही टिकले नाही; टिकला तो १९७१ चा झरोका. राजवाड्याची एक रेघ.

११/ याच्या शेजारी आपल्या शहराचे उदाहरण ठेवू. ९ जून २०२५ रोजी होटगी रस्त्यावरील विमानतळावरून सोलापूर-गोवा सेवा सुरू झाली ती ‘फ्लाय ९१’ या कंपनीची. या नावातील ९१ हा भारताचा दूरध्वनी संकेतांक. राजा नाही, रास नाही, मंदिराचे चाक नाही. देशाची ओळख सांगायला एक आकडा पुरेसा वाटावा, हा बदलही इतिहासाचाच भाग आहे.

१२/ अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रागार पाहायला जाल, तेव्हा ८ मार्च १९४८ ही तारीख ध्यानात असू द्या. तिथे राजेपणाच्या खऱ्या वस्तू आहेत. त्या राजेपणाचे चित्र मात्र विमानाच्या शेपटीवर बसून जगभर फिरते आहे. बोधचिन्ह दिसले की एवढे दोनच प्रश्न विचारा : हे कोणाला दाखवण्यासाठी काढले, आणि त्यात कोणता भारत दिसतो?

थ्रेड समाप्त.